पंच्याऐंशी

मनामात, बाब अल बहरीनच्या मागच्या गल्लीत
आठ पासपोर्ट फोटो दीड दिनारला मिळतात.
स्टूल फिरवून खाली घेता येतं.
पांढऱ्या पडद्यावर, डोक्याच्या उंचीला,
माझ्या आधीच्या कित्येकांच्या खोबरेल तेलाचा डाग.
फोटोवाला अनुरुद्ध, लंकेतल्या मातारा गावचा,
म्हणाला, हसू नका. दोन्ही कान दिसू देत.

कान उघडेच होते, म्हणून ऐकू आलं असेल.
त्याने फोकसचं कडं फिरवलं
आणि दोन मीटर नि तीन मीटरच्या मध्ये कुठेतरी
कर्र.

मी ओळखतो हा आवाज.
मीच विकला होता, पासष्ट दिनारला,
सित्राच्या बसथांब्यावर,
रोडेल नावाच्या ड्राफ्ट्समनला. त्याने दोनदा विचारलं,
ही खरंच द्यायची आहे ना?

एका शमालात, धुळीने दुपारीच दिवे लावायला लागलेल्या दिवशी,
मी मुहर्रकला होतो, गलबतं बांधतात तिथे.
म्हातारा सुतार फटींत तेलकट कापूस ठोकत होता
आणि त्याच्या भुवयांवर वाळू बसत होती, केस न् केस वेगळा.
ती भुवई मिळाली.
आणि हा कण मिळाला, कड्याच्या आत, कायमचा.

मी राहायचो त्या खोलीत सहाजण.
पंच्याऐंशी मिलिमीटरला तिथे जागाच नव्हती,
नुसता कान यायचा, नाहीतर उशीचा कोपरा.
बाबल परुळेकरचा चेहरा अख्खा हवा तर
मला दार उघडून बाहेर पॅसेजमध्ये जावं लागे,
जिन्यापर्यंत, चपलांच्या ढिगात पाय ठेवून.
तिथून तो असा दिसायचा
की त्याच्या आईने ओळखला असता, दाढीसकट.
त्याने फोटो घरी पाठवला. आईने कळवलं,
पोरा, जेवतोस ना रे?

एसीतून बाहेर काढली की काचेवर धुकं चढायचं.
पुसायचं नाही. दहा मिनिटं थांबायचं.
बुटांच्या खोक्यांतल्या सिलिकाच्या पुड्या मी गोळा करायचो,
गोदामातले लोक हसायचे,
स्टोअरकीपर पुड्या चोरतो म्हणून.

मग पगार वाढला, फॅमिली व्हिसा झाला,
आणि तिकिटांना पासष्ट कमी पडले.
नेमके पासष्ट. हिशेब कधी कधी असा टापटीप असतो
की राग येतो.

वृंदा आणि चिनू सरकत्या दारातून बाहेर आल्या तेव्हा
माझ्याकडे मोबाइल होता, तेव्हाचा.
चिनू हलली. ट्रॉली हलली. माझा हात तर हललाच.
फोटोत एक नारिंगी फराटा आहे
आणि त्याच्या टोकाला एक मोजा.
तो मोजा मी अजून या फोनमधून त्या फोनमध्ये नेतो.
वृंदाला लेन्सचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली,
मग आम्ही पंधरा दिवसांनी आलो असतो की.
एवढंच म्हणाली. पोळ्या लाटत होती.

डोळे मिटले, अनुरुद्ध म्हणाला, पुन्हा घेतो.
कर्र.
तोंडावर आलं होतं विचारायचं, किती घेशील,
पण कुठल्या तोंडाने? त्याच तोंडाचा फोटो चालू होता.
म्हटलं, कड्याला आवाज येतोय.
हो ना, गिऱ्हाईक दचकतं, तो म्हणाला,
गुरुवारी सर्व्हिसला देतोय. साफ करून देतील.

दीड दिनार दिले. आठही फोटो छान होते.
मी इतका रेखीव आहे हे मला ठाऊक नव्हतं.

काउंटरवरच्या बाईंनी फोटो उजेडाला धरला,
मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा फोटोकडे.
हा चालणार नाही, म्हणाल्या,
चेहरा कोरा लागतो.
दुसरा काढून आणा.

काढतो, म्हटलं.
आज मंगळवार.